पेप्टाइड द्रव्ये, चुंबक-प्रतिसादी

पेप्टाइड द्रव्ये, चुंबक-प्रतिसादी : ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्या (पेप्टाइडे) पाण्यात आपोआप एकमेकींशी जुळून तंतू, नलिका, पटले किंवा जेल तयार होतात. अशा रचनांपैकी ज्या बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवल्या असता त्यांची दिक्‌स्थिती, दृढता, आकार अथवा तापमान बदलते, त्यांना चुंबक-प्रतिसादी पेप्टाइड द्रव्ये म्हणतात. हा प्रतिसाद दोन प्रकारचा असतो. पेप्टाइड रेणूंच्या ठिकाणी असलेल्या अत्यंत क्षीण प्रतिचुंबकत्वामुळे घडणारा तो अंगभूत प्रतिसाद होय. पेप्टाइडांच्या जाळ्यात लोहयुक्त ऑक्साइडांचे (फेराइटांचे) सूक्ष्म कण गुंतवून जो मिळविला जातो तो प्रदत्त प्रतिसाद होय.

या द्रव्यांचा इतिहास हा मूलतः दोन स्वतंत्र धारांचा इतिहास आहे. एक धारा प्रथिनांच्या रसायनशास्त्रातून व दुसरी मृत्तिकाशिल्पाच्या तंत्राने बनणाऱ्या चुंबकीय ऑक्साइडांच्या अभ्यासातून आली. या दोन धारा एकत्र येण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. महाराष्ट्रात दुसऱ्या धारेचे एक जुने व सातत्याने चालू राहिलेले केंद्र कोल्हापूर हे आहे. पुढील विवेचनात प्रथम दोन्ही धारांचा व नंतर त्यांच्या संगमाचा परामर्श घेतला आहे.

पेप्टाइडांची स्वयंजुळणी : जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमील फिशर यांनी १९०१ मध्ये ग्लायसीन या सर्वांत साध्या ॲमिनो अम्लाचे दोन रेणू जोडून ग्लायसिल-ग्लायसीन हे द्विपेप्टाइड तयार केले. ‘पेप्टाइड’ ही संज्ञाही त्यांचीच. एका ॲमिनो अम्लाचा कार्‌बॉक्सिल गट व दुसऱ्याचा ॲमिनो गट यांमधून पाण्याचा रेणू बाहेर पडून जो बंध तयार होतो त्यास पेप्टाइड बंध म्हणतात. हा बंध व त्याच्या लगतचे अणू जवळजवळ एकाच पातळीत असतात. या सपाटपणाचे महत्त्व दोन ठिकाणी दिसून येते : प्रथिनांच्या घडणीत आणि, पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांच्या चुंबकीय वर्तनात.

लायनस पॉलिंग, रॉबर्ट कोरी व हर्मन ब्रॅन्सन यांनी १९५१ मध्ये या सपाटपणाच्या आधारे आल्फा-सर्पिलाची रचना मांडली. त्याच वर्षी पॉलिंग व कोरी यांनी बीटा-पटलाची रचनाही सुचविली. भारतात मद्रास विद्यापीठातील जी. एन्. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४–५५ मध्ये कोलॅजेन या कातडी, कंडरा व अस्थी यांतील तंतुमय प्रथिनाची त्रिसर्पिल संरचना पुढे मांडली. पेप्टाइड साखळीस कोणकोणत्या कोनांतून वळता येते हे दाखविणारा रामचंद्रन यांचा आलेख १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि तो जगभर प्रथिनांच्या अभ्यासाचे नित्याचे साधन बनला. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस मेरिफील्ड यांनी घन आधारावर पेप्टाइडांचे संश्लेषण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे हव्या त्या क्रमाची पेप्टाइडे थोडक्या वेळात तयार करता येऊ लागली. या कार्यासाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हवे ते पेप्टाइड बनविता येऊ लागले, तरी त्यापासून द्रव्य घडविण्याची कल्पना रूढ होण्यास आणखी तीन दशके लागली. यीस्टमधील एका प्रथिनाचा अभ्यास करीत असताना शुग्वांग झांग व त्यांचे सहकारी यांना त्यात आळीपाळीने जलस्नेही व जलद्वेषी घटक असलेला एक क्रम आढळला. त्यावरून बनविलेले सोळा ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड क्षारयुक्त पाण्यात आपोआप जुळून पातळ पापुद्रा तयार होतो, असे त्यांनी १९९३ मध्ये दाखविले. याच वर्षी रेझा घद्री यांनी वलयाकार पेप्टाइडे एकावर एक रचली जाऊन नलिका बनतात हे सिद्ध केले. २००१ मध्ये सॅम्युएल स्टप यांच्या प्रयोगशाळेत मेदाम्लाची शेपटी जोडलेल्या पेप्टाइडांपासून तंतू तयार करण्यात आले. २००३ मध्ये इझ्राएलमधील मेटल रेखेस व एहूद गाझित यांनी तर केवळ दोन फिनिलॲलॅनिनांचे द्विपेप्टाइडही पाण्यात ताठ नलिका बनविते असे दाखविले. हा दोन घटकांचा तुकडा अल्झायमर रोगाशी निगडित असलेल्या बीटा-ॲमिलॉइड पेप्टाइडाच्या गाभ्यातील आहे. रोगकारक तंतूंच्या अभ्यासातून उपयुक्त द्रव्य हाती यावे, ही या धारेतील लक्षणीय घटना होय.

स्वयंजुळणीमागील प्रेरणा साध्या आहेत. जलद्वेषी भाग पाण्यापासून दूर एकत्र येतात, विरुद्ध विद्युत् भारांचे गट परस्परांकडे ओढले जातात आणि शेजारच्या साखळ्यांमध्ये हायड्रोजन बंध निर्माण होतात. यांतील प्रत्येक बंध दुबळा असतो. परंतु त्यांची संख्या मोठी असल्याने रचना टिकून राहते आणि दुबळेपणामुळेच तापमान, अम्लता वा क्षारता बदलून ती मोडता व पुन्हा जुळविता येते. [→ प्रथिने].

अंगभूत चुंबकीय प्रतिसाद : पेप्टाइडे चुंबकास चिकटत नाहीत. बहुतेक कार्बनी पदार्थांप्रमाणे ती प्रतिचुंबकीय असून क्षेत्राकडून किंचित दूर सारली जातात. मात्र पेप्टाइड बंध सपाट असल्याने हे प्रतिचुंबकत्व सर्व दिशांना सारखे नसते. १९७८ मध्ये डी. एल्. वूस्टर यांनी व १९७९ मध्ये पॉलिंग यांनी या दिक्‌विषमतेचे विवरण केले. बंधाची पातळी क्षेत्राला समांतर असताना ऊर्जा किमान असते. बेंझिनासारखी वलये असलेल्या घटकांत, उदा., फिनिलॲलॅनिनात, ही विषमता अधिक असते.

एका रेणूच्या बाबतीत ही ऊर्जा इतकी अल्प असते की, नेहमीच्या तापमानातील उष्णताजन्य हालचालीपुढे तिचा काहीच प्रभाव पडत नाही. पण हजारो रेणू एकाच दिशेने रचले गेले म्हणजे त्यांच्या ऊर्जांची बेरीज होते आणि सबंध तंतू क्षेत्रात वळू शकतो. म्हणजे स्वयंजुळणी हीच येथे चुंबकीय प्रतिसादाची पूर्वअट ठरते. जुळणी चालू असतानाच क्षेत्र लावल्यास वळलेल्या तंतूंची दिशा जेल घट्ट होताना कायम राहते. जिम टॉर्बेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन या प्रथिनाचे तंतू तीव्र क्षेत्राला समांतर, तर १९८४ मध्ये कोलॅजेनाचे तंतू क्षेत्राला लंब दिशेने रचले जातात असे दाखविले. या दोन्ही प्रथिनांच्या तंतूंत पेप्टाइड बंधांच्या पातळ्या अक्षाशी वेगवेगळे कोन करीत असल्याने हा भेद दिसतो.

या पद्धतीत बाहेरचे काहीच मिसळावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. परंतु त्यासाठी सामान्यतः काही टेस्ला तीव्रतेचे क्षेत्र लागते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दक्षिण महाराष्ट्रात सु. ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे याच्या सु. एक लाखांश असते. इतकी तीव्र क्षेत्रे निर्माण करणारे अतिसंवाहक चुंबक महाग असून थोड्याच प्रयोगशाळांत उपलब्ध असतात. यामुळे साध्या चुंबकाने वळेल असे पेप्टाइड हवे असल्यास त्याला चुंबकत्व बाहेरून देणे भाग पडले आणि संशोधकांचे लक्ष फेराइटांकडे वळले.

फेराइटांची धारा : लोहाचे ऑक्साइड व तांबे, जस्त, निकेल, कोबाल्ट, मॅग्नेशियम यांसारख्या धातूचे ऑक्साइड यांच्या संयोगाने बनणाऱ्या चुंबकीय संयुगांना फेराइटे म्हणतात. निसर्गात आढळणारा मॅग्नेटाइट हा त्यांचाच प्रकार होय. जपानमध्ये १९३० च्या सुमारास योगोरो काटो व ताकेशी ताकेई यांनी आणि नेदर्लंड्‌समधील फिलिप्स प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात जे. एल्. स्नूक यांनी त्यांचा तांत्रिक विकास केला. त्यांच्या चुंबकत्वाची उपपत्ती लूई नेएल यांनी १९४८ मध्ये मांडली. या कार्यासाठी नेएल यांना १९७० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फेराइटे विजेची दुर्वाहक असल्याने उच्च कंप्रतेच्या क्षेत्रात त्यांत ऊर्जेचा अपव्यय कमी होतो. यामुळे रेडिओ, दूरध्वनी व संगणकांच्या स्मृतिकड्या यांत त्यांचा मोठा वापर झाला.

फेराइटांचा कण काही अब्जांश मीटर इतका लहान केल्यास त्याच्या वर्तनात मोठा फरक पडतो. सु. २० अब्जांश मीटरपेक्षा लहान असलेला मॅग्नेटाइटाचा कण क्षेत्र असताना जोरदार चुंबकित होतो आणि क्षेत्र काढून घेताच त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. या गुणधर्मास अतिसमचुंबकत्व म्हणतात. अशा कणांचे द्रवातील स्थिर कलिल म्हणजे लोहचुंबकीय द्रव होय. तो अमेरिकेच्या अवकाश संस्थेत (नासा) स्टीफन पॅपेल यांनी १९६३ मध्ये तयार केला. त्यापूर्वी १९५७ मध्येच आर्. के. गिलख्रिस्ट व त्यांचे सहकारी यांनी लोह ऑक्साइडाचे कण लसीका ग्रंथींत पोहोचवून प्रत्यावर्ती क्षेत्राने त्या तापविण्याचे प्रयोग केले होते. चुंबकीय ऊष्मोपचाराची ही सुरुवात होय. ४२°–४६° से. तापमानात अर्बुदातील पेशी दुर्बल होतात किंवा मरतात, हे त्यामागील तत्त्व आहे.

कोल्हापूर येथील संशोधन : शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. तेथील भौतिकी विभागात फेराइटांचा अभ्यास रुजला, त्याला हा विषय माफक साधनांत साध्य होण्यासारखा आहे हेही कारण असावे. त्यासाठी लागणारी ऑक्साइडे स्वस्त असतात. ती खलात घोटून, दाबून वड्या पाडून विजेच्या भट्टीत भाजली व क्ष-किरण विवर्तनाने तपासली की, अभ्यासयोग्य नमुना तयार होतो. एस्. आर्. सावंत व आर्. एन्. पाटील यांनी तांबे-जस्त फेराइटांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेवर केलेले काम १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तांब्याचे फेराइट हळूहळू थंड केल्यास त्याचा स्फटिक एका दिशेने ताणला जातो, तर एकदम थंड केल्यास तो घनाकृती राहतो. या फरकाचा चुंबकत्वाशी असलेला संबंध समजून घेणे हा अशा अभ्यासाचा एक हेतू होता.

पुढील काळात याच विभागात बी. के. चौगुले यांच्या संयुक्त द्रव्य प्रयोगशाळेत फेराइट व बेरियम टिटॅनेटासारखी विद्युत् स्फटिके एकत्र भाजून चुंबकीय-विद्युतीय संयुक्त द्रव्ये तयार करण्यात आली. अशा द्रव्यावर चुंबकीय क्षेत्र लावले असता फेराइटाचा आकार किंचित बदलतो, हा ताण शेजारच्या स्फटिकास पोहोचतो व त्यावर विद्युत् दाब निर्माण होतो. दोहोंपैकी एकाही घटकात नसलेला गुण त्यांच्या मिश्रणात असा प्रकट होतो. ही संकल्पना नेदर्लंड्‌समधील जे. व्हान सुख्टेलेन यांनी १९७२ मध्ये मांडली होती. चुंबक-प्रतिसादी पेप्टाइडांच्या संदर्भात ती विशेष उद्‌बोधक आहे, कारण तेथेही क्षेत्र फेराइटास जाणवते आणि वळते वा घट्ट होते ते पेप्टाइडांचे जाळे. दोहोंमधील दुवा ताणाचाच असतो.

एकविसाव्या शतकात कोल्हापूरच्या फेराइट संशोधनास वैद्यकाकडे वळण मिळाले. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात एस्. एच्. पवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय ऊष्मोपचारासाठी निरनिराळे अब्जांश कण तयार केले. यांत कोबाल्ट फेराइट, मॅग्नेशियम फेराइट, निकेल फेराइट व लँथॅनम-स्ट्राँशियम मँगॅनाइट ही प्रमुख होत. कोबाल्ट फेराइटाकरिता ज्वलन पद्धती वापरण्यात आली. या पद्धतीत धातूंची नायट्रेटे व ग्लायसीन यांचा विद्राव तापवितात. पाणी उडून गेल्यावर मिश्रण पेट घेते आणि काही क्षणांतच फेसासारखी हलकी भुकटी मागे राहते. ग्लायसीन हे येथे इंधन असते आणि त्याचे प्रमाण कमीजास्त करून ज्वालेचे तापमान व पर्यायाने कणांचा आकार बदलता येतो. यासंबंधीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

उघडे कण पाण्यात एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात व ते रक्तवाहिनीत जाण्यास अयोग्य ठरतात. म्हणून कणांवर लेप देणे आवश्यक असते. कोल्हापूरच्या गटाने मॅग्नेशियम फेराइटावर डेक्स्ट्रान या शर्करामय बहुवारिकाचा आणि कोबाल्ट फेराइटावर पॉलिव्हिनिल अल्कोहॉलाचा लेप दिला. लेपित कणांचा प्रत्यावर्ती क्षेत्रातील तापमानवाढीचा वेग आणि जीवपेशींवरील परिणाम या दोन्ही दृष्टींनी अभ्यास करण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा काही भाग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने झाला. मँगॅनाइटाची निवड करण्यामागे एक विशेष हेतू होता. त्याचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नष्ट होते ते तापमान) फेराइटांच्या मानाने बरेच कमी असते व घटकांच्या प्रमाणानुसार बदलता येते. त्यामुळे कण मर्यादेबाहेर तापू लागताच त्याची तापण्याची क्रिया आपोआप मंदावेल आणि सभोवतालच्या निरोगी ऊतकांना भाजण्याचा धोका टळेल, अशी अपेक्षा असते.

वर उल्लेखिलेले लेप पेप्टाइडांचे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कोल्हापूरच्या या कार्याचे स्थान चुंबक-प्रतिसादी पेप्टाइडांच्या इतिहासात दुसऱ्या धारेत, म्हणजे तापणारा, वळणारा व शरीरास सोसेल असा कण घडविण्यात आहे. डेक्स्ट्रानासारखा लेप कणांना वेगळे ठेवतो, पण कोणती पेशी गाठावी हे त्याला कळत नाही. पेप्टाइडास ते कळू शकते. आर्जिनीन, ग्लायसीन व ॲस्पार्टिक अम्ल या तीन घटकांचा क्रम पेशीपृष्ठावरील विशिष्ट ग्राहींस चिकटतो, हे मायकेल पीअर्शबाखर व एर्की रुओस्लाटी यांनी १९८४ मध्येच दाखविले होते. जे ग्लायसीन ज्वलन पद्धतीत जळून जाते, तेच पेप्टाइडात योग्य जागी असेल तर कणाला दिशा देणाऱ्या खुणेचा भाग बनते.

दोन धारांचा संगम : मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र व भारतीय तंत्रविद्या संस्था येथील के. सी. बारिक, पी. ए. हसन, डी. बहादूर व इतर संशोधकांनी २०१२ च्या सुमारास या दिशेने पावले टाकली. मॅग्नेटाइटाच्या कणांवर ग्लायसिनाचे आवरण देऊन ते ऊष्मोपचारासाठी तपासण्यात आले. दुसऱ्या कामात पेप्टाइडसदृश बंधांचे कवच असलेले कण तयार करून त्यांत कर्करोगावरील औषध साठविण्यात आले. अर्बुदाच्या परिसरातील वाढलेल्या अम्लतेमुळे औषध सुटावे आणि त्याच वेळी क्षेत्राने कण तापावा, अशी ही दुहेरी योजना होती. महाराष्ट्रातील हे कार्य पेप्टाइड व फेराइट यांच्या मीलनाच्या सर्वांत निकटचे म्हणता येईल.

संपूर्ण स्वयंरचित पेप्टाइडास चुंबकत्व देण्याचा एक आरंभीचा यशस्वी प्रयोग रेखेस व गाझित यांचा होय. २००६ मध्ये त्यांनी द्विफिनिलॲलॅनिनाच्या नलिकांवर लोहचुंबकीय द्रवातील कणांचा थर बसविला आणि बाह्य क्षेत्राने त्या नलिका आडव्या व परस्परांना समांतर रचून दाखविल्या. या थरासाठी रासायनिक बंध जोडावा लागला नाही. पृष्ठीय आकर्षण पुरेसे ठरले. स्पेनमधील ग्रानाडा विद्यापीठात २०१८ मध्ये याच द्विपेप्टाइडाच्या एका अनुजातापासून बनणाऱ्या जेलमध्ये लोहाचे अब्जांश कण मिसळण्यात आले. जेल तयार होत असताना क्षेत्र लावल्यास त्याची रचना एकाच दिशेने होते आणि त्याचे बलही वाढते, असे दिसून आले. जर्मनीत आखेन येथे लॉरा द लापोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चुंबकीय कण असलेले जेलचे सूक्ष्म दंड फायब्रिनात मिसळले. काही सहस्रांश टेस्लाच्या क्षेत्राने हे दंड समांतर उभे राहतात, नंतर फायब्रिन गोठते आणि मज्जापेशींचे तंतू या दंडांच्या दिशेने वाढतात, असे त्यांना आढळले. टॉर्बेट यांना ज्या फायब्रिनासाठी तीव्र क्षेत्र लागले होते, त्याच्यातच आता साध्या चुंबकाने दिशा निर्माण करता आली.

उपयोग व मर्यादा : या द्रव्यांकडून मुख्यतः तीन अपेक्षा आहेत. दुखावलेल्या मज्जारज्जूत किंवा स्नायूत अंतःक्षेपण करून दिशायुक्त आधार उभारणे ही पहिली, औषध इच्छित स्थळी नेऊन सोडणे ही दुसरी व अर्बुद आतून तापविणे ही तिसरी होय. यांपैकी पेप्टाइडे व चुंबकीय कण हे घटक स्वतंत्रपणे रुग्णालयात पोहोचले आहेत. झांग यांच्या पेप्टाइडाशी संबंधित एक जेल शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरला जातो. लोह ऑक्साइडाच्या कणांनी मेंदूतील अर्बुद तापविण्याच्या पद्धतीलाही यूरोपात मान्यता मिळालेली आहे. दोहोंचा संयोग मात्र प्रामुख्याने प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

याची कारणे केवळ तांत्रिक नाहीत. प्रत्यावर्ती क्षेत्र शरीरातही विद्युत् प्रवाह निर्माण करते. रुग्णास ते कितपत सोसते याच्या चाचण्यांवरून आय्. ए. ब्रेझोविच यांनी १९८८ मध्ये क्षेत्रतीव्रता व कंप्रता यांच्या गुणाकाराची मर्यादा सु. ४.८५ × १०⁸ अँपिअर प्रतिमीटर-सेकंद इतकी ठरविली. प्रयोगनळीत उत्तम तापणारा कण या मर्यादेच्या आत पुरेसा तापेलच असे नाही. म्हणून तापमानवाढीच्या आकड्यांची तुलना क्षेत्राचा तपशील पाहिल्याशिवाय करता येत नाही. शरीरातील एंझाइमे पेप्टाइडांचे विघटन करतात. हा गुण द्रव्य काम संपल्यावर नाहीसे व्हावे या दृष्टीने इष्ट असला, तरी ते वेळेआधी विरघळल्यास कण मोकळे होऊन यकृत व प्लीहेत साठू शकतात. कोबाल्ट व निकेल यांच्या विषारीपणाचा प्रश्नही त्याच वेळी उद्‌भवतो. या दृष्टीने मॅग्नेशियम फेराइट व मॅग्नेटाइट अधिक निर्धोक ठरतात.

खर्चाच्या दृष्टीने दोन्ही धारांत मोठे अंतर आहे. फेराइट स्वस्त क्षारांपासून व साध्या भट्टीत तयार होते, तर शुद्ध पेप्टाइडास संश्लेषणाची व शुद्धीकरणाची महागडी साधने लागतात. दोन ॲमिनो अम्लांचे पेप्टाइडही उपयुक्त रचना देते, हा २००३ चा शोध यासाठीच महत्त्वाचा ठरतो, कारण इतके आखूड पेप्टाइड मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेतही बनविता येते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी कण घडविण्याचे, लेपण्याचे व तापविण्याचे कौशल्य अनेक वर्षांच्या कामातून साठलेले आहे. त्याला पेप्टाइड रसायनाची व रुग्णालयीन परीक्षणाची जोड मिळाल्यास या विषयातील पुढील कार्य महानगरांपुरतेच सीमित राहण्याचे कारण उरत नाही.